एकाच नमुन्यातले दोन आकडे

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने युनिसेफच्या साहाय्याने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलांचे रक्त इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासणे हे सोपे काम नव्हे, आणि ते नेटाने पार पडले आहे. तरीही त्यातला एक आकडा आम्हाला खटकतो. ५ ते ९ वर्षांच्या ३४ टक्के मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी जास्त आढळली. १० ते १९ वयोगटात १६ टक्के. पहिला आकडा वाचून पुढच्या पिढीच्या हृदयविकाराची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. वाढत्या वयात धोका निम्म्यावर येतो असाही समज कोणी करून घेईल. पण लहानांसाठी 'जास्त' म्हणजे १०० मिलिग्रॅम आणि पुढे, मोठ्यांसाठी १३० आणि पुढे. दोन गटांना मोजपट्टीच वेगळी लावली आहे.

याहून महत्त्वाची अडचण दुसरी आहे. याच सर्वेक्षणात सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, मोजले होते. हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की यकृत ते तयार करते; एकदोन दिवसांत ते शंभरपटही वाढू शकते आणि कारण दूर झाले की झपाट्याने उतरते. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही दाहाने वाढते. म्हणून सीआरपी जास्त असलेली मुले लोहाच्या हिशेबातून वगळली, हे योग्यच झाले. परंतु जंतुसंसर्गात ट्रायग्लिसराइडही वाढते! यकृत रक्तात अधिक चरबी सोडते आणि तिचा निचरा मंदावतो. मग फेरिटिनला लावलेली चाळणी ३४ टक्क्यांच्या या आकड्याला का नाही?

हा प्रश्न कागदी वाटत असेल तर बीड जिल्ह्यातला एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. सर्वेक्षणाचे आकडे राज्यापुरते आहेत, बीडचा वेगळा आकडा त्यात नाही. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतली कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत राहतात. परत आलेल्या मुलाचा कान वाहत असतो, दात किडलेला असतो, बोटांच्या बेचक्यांत खरूज असते. अशा मुलाचे सीआरपी वाढलेले निघाले तर त्यात नवल काय?

अमेरिकेत २००३ साली ठरलेल्या मर्यादा, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर धोका जास्त, या प्रौढांसाठी आहेत. तिथेही १० च्या वर आकडा गेला तर आधी संसर्ग शोधा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, असेच सांगितले आहे. शिवाय ज्यांना जन्मतःच थोडे जास्त सीआरपी लाभले आहे त्यांना हृदयविकार अधिक होत नाही, असे २०११ साली आनुवंशिक अभ्यासातून दिसले. सीआरपी फार तर साक्षीदार आहे, गुन्हेगार नव्हे. त्यापेक्षा पुण्यातील मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून अधिक कळते : जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी जास्त, अशा मुलांत इन्सुलिन निष्प्रभ ठरण्याकडे कल सर्वाधिक होता. त्यासाठी जन्माची नोंद आणि वजनकाटा पुरतो.

दाटीवाटीच्या कोपीतल्या मुलाच्या हृदयाला दाहाचा एक धोका मात्र खराच आहे, आणि तो या तक्त्यांत येत नाही. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एकेक सांधा धरतो. हा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवतो. त्याच्या निदानात सीआरपीला मानाचे स्थान आहे. घशाच्या दुखण्यावर वेळेत पेनिसिलिन मिळाले तर तो टळतो. गुडघा धरून लंगडत आलेले मूल आधी डॉक्टरांना नाही, गुरुजींना दिसते.