बायरनची पत्रं: मोहीम कवितेत नाही, यादीत सापडते

रिसर्चची तयारी सुरू केली की पहिला सल्ला मिळतो, ‘मूळ साधनं वाचा.’ पण वाचताना नजर कुठे ठेवायची, हे फारसं कुणी सांगत नाही. आज त्यासाठी इंग्रज कवी लॉर्ड बायरनची १८२३ सालची पत्रं घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८२१ मध्ये ग्रीकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. १८२३ मध्ये त्यांच्या मदतीसाठी लंडनमध्ये ग्रीक कमिटी स्थापन झाली. बायरन तेव्हा इटलीत, जिनोव्हाला राहत होता. जुलैमध्ये ‘हर्क्युलिस’ नावाचं भाड्याचं जहाज घेऊन तो निघाला, ३ ऑगस्टला केफालोनिया बेटावर पोचला आणि १९ एप्रिल १८२४ रोजी मिसोलोंघीत तापाने वारला. वय अवघं ३६.

हा शेवट आपल्याला आधीच माहीत असतो. त्यामुळे पत्रं वाचतानाही आपण हुतात्मा शोधत बसतो आणि नेमका कामाचा मजकूर ओलांडून पुढे जातो.

१२ मे १८२३ चं पत्र बघा. ते कमिटीचे सचिव जॉन बाउरिंग यांना लिहिलंय. त्यात काय आहे? डोंगराळ मुलखात नेता येतील अशा हलक्या तोफा, बारूद आणि औषधं हव्यात. माल कोणत्या बेटामार्गे पाठवायचा तेही आहे. उत्साही पोरांपेक्षा थोडे पण अनुभवी अधिकारी पाठवा, त्यांना इटालियन येत असेल तर बरं, आणि तिथे खाण्यापिण्याची चैन नाही हे त्यांना आधीच सांगा, अशा सूचना आहेत. सायन्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा पेपरमधला ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग आहे. आपण सगळे तो भाग चाळतो आणि निष्कर्षावर उडी मारतो. पण प्रयोग खरंच करायचा होता की नुसत्या गप्पा होत्या, हे कळतं ते त्याच भागातून.

आमच्या केंदूरला संतकवी कान्होराज पाठकांची समाधी आहे. अभंगांचं मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. पण दिंडी पंढरपूरला पोचते ती तांदूळ किती, टँकर कुठे, मुक्काम कुणाकडे, हे लिहिलेल्या वहीमुळे. बायरनची ही पत्रं म्हणजे ती वही.

आता दुसरं पत्र घ्या. महिनाभरानंतर, जूनमध्ये, तो मित्र ट्रेलॉनीला सोबत बोलावतो. तिथे सूर एकदम बदलतो. माझा तिथे उपयोग होईल असं सगळे म्हणतात. कसा, ते मलाही ठाऊक नाही आणि त्यांनाही नाही, पण जाऊया, असा त्याचा आशय आहे. मग खरा बायरन कोणता? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. कमिटीकडून पैसा आणि माल मिळवायचा होता, तिथे नेमकेपणा लागतो; मित्राला जीव धोक्यात घालायला बोलवायचं होतं, तिथे प्रामाणिकपणा लागतो. फक्त पहिलं पत्र वाचलं तर तो कसलेला व्यवस्थापक वाटेल, फक्त दुसरं वाचलं तर बेफिकीर माणूस. एका पत्रावर प्रबंधातलं विधान उभं करू नका, ते यासाठी.

आवृत्तीही बघा. थॉमस मूरने १८३० मध्ये पत्रं छापली, पण बरेच भाग गाळून, त्या जागी फुल्या टाकून. लेस्ली मारशँड यांचे मूळ हस्तलिखितांशी पडताळलेले खंड १९७३ पासून येऊ लागले. मूरच्या पुस्तकातला मित्र-बायरन हा आधीच गाळून घेतलेला डेटा आहे.

या यादीची एक कमजोर बाजूही आहे. ती देणाऱ्याने केलेली यादी आहे. ग्रीकांना काय हवं, हे बायरन जिनोव्हात बसून, ऐकीव माहितीवरून लिहितो. प्रत्यक्षात लेपांटोवरचा ठरलेला हल्ला झालाच नाही, आणि औषधांचा साठा घेऊन आलेल्या कवीचं आजारपणात डॉक्टरांनी रक्त काढलं.

याउलट आपल्याकडचं उदाहरण. इथे प्रवासी कवी नाही, डॉक्टर आहे. २६ नोव्हेंबर १९३७ रोजी चिनी सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून जपानविरुद्धच्या लढ्यासाठी औषधं, सर्जन आणि परिचारिका मागितल्या. इथे यादी गरजवंताची आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने निघाले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच गेले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ती ‘अमर कहानी’ घरोघरी पोचली; जू दे यांचं पत्र मात्र नेहरूंच्या पत्रसंग्रहातच राहिलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणाचाही पत्रव्यवहार हातात आला, तर वहीत तीन रकाने आखा: काय मागितलं, कुणाकडे मागितलं, ही गरज कुणी ठरवली. भारावून जायचं असेल तर जरूर जा, पण हे रकाने भरून झाल्यावर. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच आहे.