रूढ खेळातले मरण : ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’

जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्रात शिरून लांबलचक साहसकथा जगण्याच्या व्हिडिओ गेममध्ये, मरण स्वस्त असते. लढाईत साथीदार पडला, तर गावातल्या चर्चमध्ये जायचे आणि पाद्र्यापुढे सोन्याची नाणी ठेवायची. साथीदार उठून पुन्हा आपल्यामागे चालू लागतो. सराईत एक रात्र काढली की साऱ्या जखमा भरतात. परक्याच्या घरात शिरून मडकी फोडली, कपाटे उघडली, तरी घरमालक हटकत नाही. हे सारे या प्रकाराचे संकेत आहेत आणि सरावलेला खेळणारा ते डोळे झाकून मान्य करतो.

२०१७ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ने हे संकेत जवळजवळ जसेच्या तसे पाळले. म्हणूनच त्याच्याविषयी दोन तट पडले. एकाला तो माहेरी आल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला तीस वर्षे जागचा न हललेला. मला वाटते, या ओढीचे आणि या तक्रारीचे मूळ एकच आहे आणि ते मरणाच्या त्या स्वस्त संकेतापाशी सापडते.

आधी थोडा इतिहास. पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ २७ मे १९८६ रोजी निन्तेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला. त्याचे कथाकार युजी होरी यांना ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या अमेरिकन संगणक-खेळांचे वेड होते. ते खेळ किचकट होते. होरी यांनी त्यांतला गुंता काढून टाकला आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर बसलेल्या मुलालाही जमेल असा आकृतिबंध घडवला. ‘लढा’, ‘मंत्र’, ‘पळा’ अशा मोजक्या आज्ञा. आधी आपली पाळी, मग राक्षसाची. बोटांच्या चपळाईपेक्षा येथे चिकाटीला किंमत होती. अकिरा तोरियामा यांनी राक्षस रेखाटले, त्यांत थेंबाच्या आकाराचा, निळा, हसरा स्लाइमही आला. संगीत कोइची सुगियामा यांचे. १० फेब्रुवारी १९८८ रोजी तिसरा भाग विक्रीला आला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या आणि शाळा बुडवून आलेली मुले हा बातमीचा विषय झाला. हेच त्रिकूट अकराव्या भागापर्यंत टिकले. एवढ्या सातत्याने जपलेला संकेत ही सवय राहत नाही, परंपरा होते.

परंपरेचे सुख अकराव्या भागात भरभरून आहे. कीर्तनाला बसलेल्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. तरी तो उठून जात नाही, कारण ‘पुढे काय’पेक्षा ‘कसे’ यात त्याला रस असतो. येथेही तसेच. खेड्यात वाढलेला मुलगा, तो जगाचा तारणहार असल्याचा साक्षात्कार, त्यालाच सैतानाचा अवतार ठरवून अंधारकोठडीत टाकणारा राजा, तिथे भेटलेला चोर, मग एकेक करून जमणारे सोबती. आपण हे सारे ओळखतो आणि ओळखीतच रमतो.

तक्रारीही खोट्या नाहीत. मूळ आवृत्तीतले यांत्रिक संगीत त्या देखण्या चित्रांपुढे बापुडवाणे वाटे. वाद्यवृंदाचे संगीत २०१९ सालच्या स्विच आवृत्तीत आले. सभोवतालची पात्रे भडाभडा बोलतात आणि नायक मात्र मुका. त्याच त्या लढाया शेकड्याने लढाव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. तो कथेचा शेवट उघड केल्याशिवाय मांडता येत नाही. पात्रांची नावे इंग्रजी आवृत्तीतली घेतो.

लोनालुलू या किनारी गावच्या कथेत मिशेल नावाची जलपरी आपल्या कोळी प्रियकराची वाट पाहत बसली आहे. तो केव्हाच मरून गेला आहे, हे आपल्याला गावात कळते. परत गेल्यावर तिला खरे सांगायचे की खोटे, हे खेळ आपल्यावर सोपवतो. खोटे सांगितले, तर ती वाट पाहतच राहते. खरे सांगितले, तर ती किनाऱ्यावर येते, त्याच्या थडग्यापाशी जाते आणि मग समुद्रात उतरून फेस होऊन विरते. येथे चर्च नाही, नाणी नाहीत. स्वस्त मरणाच्या खेळात पहिल्यांदा मरण महाग होते.

दुसरा घाव अधिक खोल आहे. जगाचा आधार असलेला महावृक्ष कोसळतो, तेव्हा सोबत्यांतली वेरोनिका सर्वांना मंत्राने दूर पोचवते आणि स्वतः मागे राहते. हे आपल्याला फार उशिरा कळते. तिची जुळी बहीण सेरेना आपले लांब केस कापते आणि बहिणीची शक्ती स्वतःत घेऊन पुढे चालू लागते. मेलेल्याला उठवणारे मंत्र हाताशी असलेल्या या मंडळींपुढे एक मरण असे उभे राहते, की त्यावर मंत्र चालत नाही. उद्ध्वस्त जगात प्रत्येक जण काहीतरी गमावून मोठा होतो. खलनायक हरतो, श्रेयनामावली पडद्यावर सरकते.

मात्र खेळ संपत नाही. तिसऱ्या भागात नायकाला काळात मागे जाण्याची वाट सापडते. तो एकटाच जातो, वृक्ष कोसळण्याआधीच्या क्षणी पोचतो आणि वेरोनिका वाचते. सेरेनाचे केस पुन्हा लांब. म्हणजे चर्चमधला तो जुना संकेत अखेर परत आला, फक्त या वेळी साऱ्या जगासाठी.

खेळाचे जपानी उपशीर्षक ‘सरून गेलेल्या काळाच्या शोधात’ अशा अर्थाचे आहे आणि ते प्रूस्तच्या महाकादंबरीच्या जपानी शीर्षकाची आठवण करून देते. प्रूस्तच्या निवेदकाला गेलेला काळ स्मृतीत आणि लेखनात गवसतो. गेलेली माणसे गेलेलीच राहतात. होरींचा नायक तो काळ प्रत्यक्षच उलटवतो. माझ्या मते कलाकृती म्हणून ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ पहिल्या श्रेयनामावलीपाशी पूर्ण होतो. त्यानंतरचा भाग म्हणजे मिशेलला सांगितलेले ते खोटे आहे, प्रेमाने सांगितलेले, पण खोटेच.

तरीही त्या खोट्याची किंमत खेळ लपवत नाही. निरोप द्यायला आलेले सोबती मागे राहतात. ज्या सेरेनाने बहिणीचा शोक पचवला, ती पुढच्या जगात कुठेच नाही. तो शोक जगलेला एकटा नायक उरतो, आणि त्याला तर संवादच दिलेले नाहीत. इतका वेळ खटकलेले त्याचे मुकेपण येथे अचानक अर्थपूर्ण होते.

काहींना हा तिसरा भाग परमसुखाचा वाटतो, काहींना विश्वासघात. दोघेही एकच गोष्ट पाहत असतात. रूढ आकृतिबंध आपल्याला वचन देतो की गेलेले परत येईल. ते वचन पाळले जावे असे मनाच्या एका कोपऱ्याला वाटते; पाळले गेले की दुसरा कोपरा खट्टू होतो. मी स्वतः जलपरीला खरे सांगितले होते. वेरोनिकाला मात्र परत आणायला गेलो.