शब्दकोशात स्वतःला शोधताना

जेफ्री युजेनिडिसच्या ‘मिडलसेक्स’ या कादंबरीत एक प्रसंग आहे. 14 वर्षांची कॅली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात जाते आणि तिथल्या भल्यामोठ्या वेबस्टर शब्दकोशात, डॉक्टरांकडे कानावर पडलेला एक शब्द शोधते. हायपोस्पेडियास. अर्थाच्या शेवटी समानार्थी शब्दासाठी दुसरं पान पाहायला सांगितलेलं असतं. ती तिथे जाते, तर ‘षंढ’. तिथून पुढे ‘उभयलिंगी’. आणि तिथून पुढे शेवटचा शब्द, ‘मॉन्स्टर’. म्हणजे राक्षस.

मी ही कादंबरी 26व्या वर्षी वाचली आणि या पानावर पुस्तक मिटून ठेवलं. कारण तोच शब्द माझ्या केसपेपरवर होता.

हायपोस्पेडियास म्हणजे लघवीचं छिद्र लिंगाच्या टोकावर नसून खालच्या बाजूला असणं. कुणाचं टोकाच्या जरासं खाली असतं, कुणाचं मधोमध, क्वचित कुणाचं पार वृषणांजवळ. सोबत कधी लिंगाला वाक असतो, पुढची कातडी खालून अपुरी असते. साधारण 200 ते 300 मुलग्यांमागे एकाला हे असतं. म्हणजे तुमच्या कॉलेजातही कुणीतरी असणार. पण मराठीत घरात उच्चारता येईल असा शब्द मला त्यासाठी कधी ऐकायला मिळाला नाही. आमच्या घरी त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचे. ‘त्याचं ते दाखवून आणायला हवं’, असं आई म्हणायची. दाखवायचं राहूनच गेलं.

राहून गेलेल्या ‘ते’चं काय होतं? मुतारीत रांग असली तरी संडासाचं दार रिकामं होईपर्यंत थांबायचं. हॉस्टेलवर आंघोळीला सगळ्यात शेवटी जायचं. आणि एखादी मुलगी आवडली की बरोबर त्या वळणावर तिच्याशी बोलणं तोडायचं, जिथून पुढे कपडे आड येणार नाहीत.

म्हणूनच ‘मिडलसेक्स’बद्दल मला जे म्हणायचं आहे, ते तिच्या समीक्षांमध्ये फारसं येत नाही. 2002 साली आलेल्या आणि 2003 चं पुलित्झर मिळवलेल्या या कादंबरीचं कौतुक होतं ते तिच्या आवाक्यासाठी. 1922 ची स्मर्ना शहराची आग, ग्रीक निर्वासित, रेशमाचे किडे, डेट्रॉइटचे कारखाने, तीन पिढ्या उतरत आलेलं एक जनुक. हे सगळं दिमाखदार आहेच. पण माझ्यासाठी खरी कादंबरी अधूनमधून येणाऱ्या बर्लिनच्या तुकड्यांत आहे. तिथे कॅलीचा आता कॅल झालाय. वय 41, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरी. डबल ब्रेस्टेड सूट घालतो, सिगार ओढतो, आणि हे सगळं जरा जास्तच होतंय हे त्याला स्वतःलाही कळतं. ज्युली नावाची फोटोग्राफर त्याला आवडते. जवळ जायची वेळ आली की तो मागे सरतो. तिला नक्की काय चाललंय ते कळत नाही.

हा माणूस मी ओळखतो. त्याने शस्त्रक्रिया नाकारली, पळून गेला, स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. तरीही 41व्या वर्षी तो दाराशीच उभा आहे. चाकूपासून सुटका झाली म्हणजे लाजेपासून झाली असं नव्हे, हे युजेनिडिसने नेमकं पकडलंय.

त्याहून अचूक आहे तो डॉक्टर ल्यूसचा अहवाल. डॉक्टर खोलीत नसताना कॅली तो चोरून वाचते. शस्त्रक्रियेने लैंगिक संवेदना काही प्रमाणात किंवा पूर्ण जाऊ शकते, हे त्यात मान्य केलेलं आहे. पण सुखी आयुष्यात ती एकच गोष्ट नसते, लग्न होणं आणि समाजात ‘नॉर्मल’ म्हणून खपणं हेही महत्त्वाचं, असा त्याचा सूर आहे. हे वाचताना मला न्यूयॉर्क दिसलं नाही. एका शहरातले सर्जन दिसले, ज्यांनी मला तपासून तीन मिनिटांत सांगितलं होतं, ‘लग्नाआधी करून टाका, नंतर कटकट नको.’ त्रास काय होतो, हे त्यांनी विचारलंच नाही.

आता माझी तक्रार. कॅलचा हायपोस्पेडियास हा दुसऱ्या एका दुर्मीळ अवस्थेचा भाग आहे. त्याच्या शरीरात पुरुषी संप्रेरकाचं एक प्रभावी रूप तयार होत नाही, म्हणून जन्मतः तो मुलगी वाटतो. पण हायपोस्पेडियास असलेल्या बहुतेकांच्या बाबतीत मुलगा की मुलगी हा प्रश्नच नसतो. कादंबरी मात्र या शब्दाला त्या एकाच साखळीत अडकवते आणि पुढे दोनच वाटा ठेवते. ल्यूसच्या टेबलावर झोपा, नाहीतर पळा. नाट्यासाठी ते ठीक आहे. पण माझ्यासारख्याचा प्रश्न इतका भव्य नाही. उभं राहून लघवी करताना धार पायावर येते, त्याचं काय करू, इतका साधा आहे.

या साध्या प्रश्नालाही तपशील असतात. 1995 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी दुसऱ्या कारणांसाठी दाखल झालेल्या 500 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. छिद्र अगदी टोकाला असलेले जेमतेम 55 टक्के निघाले. 65 जणांना सौम्य हायपोस्पेडियास होता आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे काहीच न करणं हाही रीतसर पर्याय आहे. दुसरीकडे, वाकामुळे संबंध दुखत असतील, छिद्र फार मागे असल्याने मूल होण्यात अडचण येत असेल, तर शस्त्रक्रियेने खरंच फरक पडतो. ती शक्यतो 6 ते 18 महिन्यांच्या वयात करतात. मोठेपणीही होते, पण अनेक सर्जन तेव्हा जोखीम जास्त असल्याचं बजावतात. शिवणीतून लघवी झिरपणारं भोक राहू शकतं, मार्ग आक्रसू शकतो, काही वेळा गालाच्या आतलं अस्तर घेऊन दोन टप्प्यांत काम करावं लागतं. त्यानंतर काही दिवस नळी, काही आठवडे संबंध बंद.

हे सगळं कॅलला कुणी सांगितलं नाही. त्याच्या हातात शब्दकोश होता, माझ्या हातात फोन आहे. साखळी तीच. शब्द टाकला की फोटो येतात, फोटोंमागे दवाखान्यांच्या जाहिराती येतात, आणि चार वेळा बोट फिरवल्यावर आपण पुन्हा त्याच शेवटच्या शब्दापाशी पोचतो.

मी पुस्तक पुन्हा उघडलं ते आठवडाभराने. शेवटाकडे कॅल ज्युलीला सांगतो. युजेनिडिस हे फार थोडक्यात उरकतो. पाचशेहून जास्त पानांच्या पुस्तकात या संभाषणाला अजून दहा पानं द्यायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं. ती काय विचारते, तो कुठे अडखळतो, कोणता शब्द वापरतो, हे मला वाचायचं होतं. कारण त्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हते.

दुसऱ्या सर्जनची वेळ पुढच्या महिन्यात आहे. जाण्याआधी मी कागदावर दोन रकाने केले. एकात शरीराचा त्रास, दुसऱ्यात त्या शब्दाचा. धार पसरते, थोडा वाक आहे, हे पहिल्यात. मुतारी, हॉस्टेल, तोडलेली दोन नाती, ‘लग्नाआधी’, हे सगळं दुसऱ्यात. पहिल्या रकान्याबद्दल सर्जनला विचारेन. दुसऱ्या रकान्यातलं काहीच टाक्यांनी जाणार नाही, म्हणून ते गेल्या रविवारी एका मैत्रिणीला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘बरं. मग दुखतं का रे?’

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.