एका पेल्याचे रसग्रहण

रसग्रहण कवितेचेच करावे असा काही दंडक नाही. आमचा नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, उसाचा. तेव्हा रसवंतीगृहातल्या पेल्याचेही एकदा व्हावे. शहरांतून अलीकडे न गाळलेल्या, गढूळ बिअरचे मोठे कौतुक चालते. गढूळपणा हाच जर गुण, तर आमचा रस जन्माचाच गुणी!

पेला हाती येताच आधी वास घ्यावा: ओल्या गवताचा, मागाहून आल्याचा. बर्फ मला नामंजूर. त्याने गोडी पातळ होते. लिंबू मात्र हवेच. हवा लागली की रस काळवंडतो, लिंबाच्या आंबटपणाने ते थोडे लांबते. तरीही पेला उभ्या उभ्याच संपवावा हे बरे.

खरी अडचण आहे ती घुंगरांची. चरकाची घुंगरे वाजू लागली की जुने सारेच गोड लागते. मग क्रिकेटच्या गोष्टी निघतात, आणि श्रीरामपूरचा झहीर खान यायचाच. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना: पहिली ५ षटके, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. हे सर्वांना पाठ. त्याच्या पुढच्या ५ षटकांत ५४ धावा गेल्या, हे कोणी काढत नाही. मी काढतो. त्याने झहीर लहान होत नाही. त्याच खेळपट्टीवर ती पहिली षटके किती मोलाची होती, तेच कळते.

रसालाही मी हाच न्याय लावतो. ऊस ताजा आणि चरक धुतलेला असला, तर विजेच्या चरकाचा रस बैलाच्या चरकाइतकाच उतरतो. आले मात्र हल्ली जरा जास्तच घालतात.