ऑटोराउटरच्या अपूर्ण जोडण्या : खान्देशातील पीसीबी-आरेखन अध्यापनाची चिकित्सा

जळगाव व धुळे परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांतून इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा विद्यार्थी प्रकल्पासाठी पीसीबी तयार करतो. सर्किटची आकृती संगणकावर काढून झाली, घटक मांडून झाले, की ट्रॅक टाकण्याचे काम ऑटोराउटरकडे सोपविले जाते. बहुतेक जोडण्या पूर्ण होतात. चार-दोन मात्र राहतात. अशा वेळी तीच आज्ञा पुन्हा देणे किंवा दुसरे सॉफ्टवेअर शोधणे हाच उपाय समजला जातो. दोष सॉफ्टवेअरचा आहे, हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे.

या तंत्राचा पाया सी. वाय. ली यांनी 1961 मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे. फलकाचे चौकोनी घरांत विभाजन करून एका पिनेपासून लाटेप्रमाणे घराघराला क्रमांक देत जायचे आणि दुसरी पिन गाठली की त्याच क्रमांकांवरून मागे यायचे. वाट असेल तर ती सापडतेच, तीही सर्वांत आखूड. परंतु हे आश्वासन एका वेळी एकाच जोडणीपुरते असते. आधी टाकलेला ट्रॅक नंतरच्या जोडणीला भिंत ठरतो. म्हणून क्रम निर्णायक असतो. (पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाणी कोणाला केव्हा द्यायचे हे पाटकऱ्याकडे का सोपवावे लागले, हे खान्देशातील वाचकास वेगळे सांगावयास नको.) अडलेले ट्रॅक उखडून पुन्हा टाकणारी नंतरची सॉफ्टवेअरे हा क्रम बदलून पाहतात, पण घटकच दाटीने वा उलटसुलट मांडले असतील, तर क्रम कितीही बदलला तरी जागा निर्माण होत नाही. आयसी एका कोपऱ्यात 90 अंशांत फिरविल्याने जे साधते, ते अनेकदा तासभर चाललेल्या ऑटोराउटरलाही साधत नाही.

ग्रिडचा दोष तर सहज नजरेआड होतो. 1.27 मिलिमीटरच्या ग्रिडवर 2.54 मिलिमीटर अंतराच्या पिना नेमक्या बसतात, पण दोन पिनांमधून एकच वाट उरते. 5 मिलिमीटर अंतराच्या कनेक्टरची दुसरी पिन तर ग्रिडवर येतच नाही. ग्रिड बारीक करावे तर काम वाढते. 100 × 80 मिलिमीटरच्या फलकावर 1 मिलिमीटरने 8,000 घरे होतात, 0.25 मिलिमीटरने 1,28,000. एकाच बाजूला तांबे असलेल्या फलकावर काही जोडण्या एकमेकींना छेदल्याशिवाय पूर्णच होत नाहीत. तेथे जम्पर तार हा पराभव नव्हे, योग्य उत्तर आहे.

तथापि अपूर्ण जोडणीपेक्षा पूर्ण झालेली जोडणी अधिक घातक ठरू शकते, आणि अध्यापनाचे दुर्लक्ष नेमके येथे आहे. ठिबक सिंचनाची झडप किंवा विहिरीवरील पंप रिलेने चालू-बंद करणारे सर्किट हा या भागात स्वाभाविक वाटणारा प्रकल्प. त्यात 5 व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर आणि 230 व्होल्टचे रिले-संपर्क एकाच फलकावर असतात. वेगळा नियम दिला नाही, तर ऑटोराउटर दोहोंत सारखेच अंतर ठेवतो, बहुधा 0.2 मिलिमीटरच्या आसपास. मुख्य वीजपुरवठा आणि स्पर्शास सुरक्षित भाग यांत सर्वसाधारणपणे 6 मिलिमीटर वा अधिक अंतर राखले जाते. केळीच्या बागेतील दमट हवेत या फरकाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागेल. रुंदीचेही तसेच. 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्यावरील 0.25 मिलिमीटर रुंद, 10 सेंटिमीटर लांब ट्रॅकचा रोध सुमारे 0.2 ओहम असतो; 1 अँपिअर प्रवाहाला तेथेच 0.2 व्होल्टची घट होते. सॉफ्टवेअर यावर एकही इशारा देत नाही, कारण त्याला कोणी तसे विचारलेले नसते.

प्रयोगशाळेची मर्यादा वेगळीच. टोनरने छाप उतरवून फेरिक क्लोराइडमध्ये कोरलेल्या फलकावर 0.2 मिलिमीटरचे अंतर अनेकदा टिकत नाही. कारखान्यासाठी असलेले मूळ नियम तसेच ठेवले, तर पडद्यावर निर्दोष असलेली पीसीबी हातात शॉर्ट होऊन येते.

मूल्यमापनात मात्र फलक पूर्ण झाला की नाही एवढेच पाहिले जाते. राहिलेली जोडणी कोणत्या कारणाने राहिली, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला गेल्यास घटकांची मांडणी, ग्रिड, नियम आणि क्रम या चारही गोष्टी आपोआप चर्चेत येतात. किकॅडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या सध्याच्या आवृत्त्यांत ऑटोराउटर अंगभूत नाही. फाइल निर्यात करून फ्रीराउटिंगसारख्या वेगळ्या साधनाकडे द्यावी लागते. ही गैरसोय अध्यापनाच्या दृष्टीने सोयीचीच म्हणावी लागेल. निर्यातीपूर्वी 230 व्होल्टच्या जोडण्यांचा स्वतंत्र गट करून त्यांचे अंतर व रुंदी विद्यार्थ्याने स्वतः लिहिली आहे काय, हे शिक्षकाला त्याच टप्प्यावर थांबून पाहता येते.