आवाजाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे फार उदारपणें वापरला जातो. देवळाच्या काळ्या दगडावर तैलरंगाचे दोन हात चढविले तरी तो जीर्णोद्धार, आणि पोथीचीं गहाळ झालेलीं पानें एखाद्या होतकरू पंडितानें पदरचीं लिहून घातलीं तरी तोहि जीर्णोद्धारच. जी वस्तु नुसती पाहावयाची आहे तिच्या बाबतींत हा सैलपणा एक वेळ खपून जाईल. जी वाजवावयाची आहे तिच्या बाबतींत तो खपत नाहीं, कारण तेथें कान ताबडतोब साक्ष देतो. अमेरिकेंत आणि इंग्लंडांत १९५० ते १९७० च्या दरम्यान तयार झालेल्या गिटारच्या अॅम्प्लिफायरांना आज मोठी किंमत आली आहे. त्यांतले फाटलेले अथवा मुके झालेले स्पीकर बदलतांना रसिक म्हणविणारे लोक जो घोळ घालतात, त्याचा परामर्श आम्ही येथें घेणार आहों. विषय कारागिराचा आहे, वाङ्मयाच्या मासिकांत त्याचें काय काम, असें कोणी विचारील. त्यावर आमचें उत्तर असें कीं, मूळ कोणतें, प्रक्षिप्त कोणतें, आणि मूळ नष्ट झाल्यावर त्याच्या जागीं काय बसवावें, हा प्रश्न टीकाकाराचाच आहे. येथें तो पोथीऐवजीं एका लांकडी पेटीसंबंधानें उपस्थित झाला आहे, इतकेंच.

विजेच्या गिटारीला स्वतःचें असें पोट नसतें. तारेचें कंपन चुंबकावरचें वेटोळें टिपतें, व्हाल्व्हच्या योगानें तें मोठें होतें, आणि अखेर स्पीकरचा कागदी शंकु हवेला धक्का देतो तेव्हां कोठें स्वर जन्मास येतो. सतारीचा भोपळा आणि तंबोऱ्याची जवारी हीं दोघें मिळून जें काम करतात, त्यासारखें कांहीं काम येथें एकट्या स्पीकरवर पडलें आहे. असें असूनहि बहुतेकांची समजूत अशी कीं, अॅम्प्लिफायर हा ग्रंथकार आणि स्पीकर हा केवळ त्याचा वाचक. वाचक बदलला म्हणून ग्रंथ बदलत नाहीं! ही समजूतच सर्व अनर्थाचें मूळ आहे.

१९२५ सालीं राइस आणि केलॉग ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनीं हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरची जी रचना प्रसिद्ध केली, तिचा आदर्श इमानदारी हा होता: आंत येईल तें जसेंच्या तसें बाहेर जावें. गिटारच्या स्पीकरानें हा आदर्श कधींच पाळला नाहीं. सेकंदास सुमारें सत्तरऐंशी कंपनांच्या खालीं त्याचा आवाज ओसरूं लागतो, आणि पांच हजारांच्या वर तर तो कड्यावरून उतरावा तसा उतरतो. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें ८२ असल्यानें खालचें फारसें कांहीं हरवत नाहीं; वरचें जें हरवतें तें हरवावें अशीच योजना आहे. व्हाल्व्ह त्याच्या शक्तीपलीकडे ताणला म्हणजे लहरींचे माथे कापले जाऊन कर्कश उपस्वरांचा लोंढा निर्माण होतो. शंकु हा त्या लोंढ्याची चाळण आहे. तोच अॅम्प्लिफायर एखाद्या अत्यंत इमानी, संगीतश्रवणासाठीं केलेल्या स्पीकरला जोडून पाहावा: गोणपाट फाडल्यासारखा खरखराट ऐकूं येईल. तेव्हां ‘सर्वांत चांगला स्पीकर कोणता?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. विचारावयाचें तें असें कीं, ह्या अॅम्प्लिफायरच्या गुणदोषांशीं कोणाच्या गुणदोषांचा संसार जमेल?

ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे एकाच मंडलाचे दोन अवतार. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडरच्या कारखान्यानें बासगिटारीसाठीं ‘बासमन’ नांवाचा अॅम्प्लिफायर काढला. १९५८ च्या सुमारास त्याचें जें रूप सिद्ध झालें त्यांत दहा इंची चार जेन्सेन स्पीकर, मागून उघड्या पेटींत, बसविलेले होते. १९६२ त लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथें जिम मार्शल ह्यांच्या वाद्यांच्या दुकानांत त्याच मंडलाची जवळजवळ हुबेहूब नक्कल करण्यांत आली. व्हाल्व्ह व ट्रान्सफॉर्मर जसे मिळाले तसे बदलले. परंतु मोठा फरक पडला तो शेवटच्या टोकाला. सिलेस्टियन कंपनीचे बारा इंची स्पीकर चारचारांच्या गटानें मागून बंद केलेल्या पेटींत बसविण्यांत आले. एकच आराखडा, परंतु एका पेटींतून घंटेसारखा मोकळा आणि दुसरींतून छातीवर आदळणारा दाट असे दोन आवाज निघाले. पुढें इंग्रजी रॉक संगीतानें ह्या दुसऱ्या आवाजावर आपलें घर बांधलें. १९६६ त जॉन मेयॉलबरोबर एरिक क्लॅप्टननें जी प्रसिद्ध तबकडी केली तींतला संच ह्याच कुळांतला, स्पीकरहि सिलेस्टियनचेच. त्यांच्या जागीं जेन्सेन असते तर वादक तोच, बोटें तींच, पण तबकडी निराळी झाली असती, असें म्हणण्यास आम्हांस शंका वाटत नाहीं. ग्रंथकार दोन आहेत. एकाचेंच नांव मुखपृष्ठावर छापलेलें असतें.

येथें एक अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. स्पीकर बिघडला म्हणजे नक्की काय झालें? १९५१ सालीं मेम्फिस येथें ‘रॉकेट एटीएट’ हें गीत मुद्रित झालें, तेव्हां विली किझार्ट ह्या वादकाचा अॅम्प्लिफायर प्रवासांत दुखावलेला होता आणि त्याच्या स्पीकरमध्यें कागदाचे बोळे कोंबून काम भागविलें होतें, असें सांगतात. त्यांतून निघालेली घरघर मुद्रकानें पुसून टाकली नाहीं, उलट पुढें आणली. लिंक रे ह्यानें १९५८ च्या ‘रंबल’साठीं स्पीकरला पेन्सिलीनें भोंकें पाडलीं. १९६४ त किंक्स ह्या मंडळींतील डेव्ह डेव्हिस ह्यानें आपल्या लहानशा अॅम्प्लिफायरचा शंकु पात्यानें चिरला, आणि ‘यू रिअली गॉट मी’चा तो ओरखडणारा स्वर त्या जखमेंतून बाहेर पडला. ह्या तिघांच्या घरीं त्याच दिवशीं एखादा कर्तव्यदक्ष कारागीर नवा स्पीकर घेऊन आला असता, तर त्यानें वस्तु दुरुस्त केली असती आणि कृति नष्ट केली असती.

म्हणून प्रत्येक फाटका शंकु पूज्य मानावा काय? मुळींच नव्हे. तंबोऱ्याची जवारी लावणें आणि तंबोरा आपटून फोडणें ह्यांत जो फरक आहे तोच येथेंहि आहे. ज्या घरघरीला वादक आपल्या बोटांनीं लहानमोठी करूं शकतो ती स्वराची घरघर. जी प्रत्येक स्वराबरोबर आपली तीच ती पिरपिर लावते ती रोगाची. दोन्हीं हातांच्या बोटांनीं शंकु सारख्या दाबानें हळूच आंत लोटून पाहावा. वेटोळें चुंबकाच्या फटींत घासत असल्याची बारीक खर्र लागली, तर त्या स्पीकरची वेळ भरत आली असें समजावें. नुसती कागदाची लहान चीर असेल, तर पातळ कागद आणि पातळ केलेला डिंक एवढ्यावर तो आणखी कित्येक वर्षें गाईल. कारागिरांनीं हा सोपा उपाय गिऱ्हाइकाला सांगितला नाहीं तर त्यांस दोष देतां येईल. परंतु गिऱ्हाइकच नव्या खोक्यासाठीं उतावीळ झालेलें असतें हेंहि खरें.

आतां ह्या विषयावरच्या चर्चेची भाषा पाहा. स्पीकरांच्या वर्णनांत ‘ऊबदार’, ‘मलईदार’, ‘मधाळ’, ‘काष्ठमय’ अशीं विशेषणें इतक्या सढळ हातानें सांडलेलीं असतात कीं, ही परिभाषा टीकेची कीं मुदपाकखान्याची, असा संभ्रम पडावा. एकच वस्तु एकाला ऊबदार आणि दुसऱ्याला बोथट लागते. दोघेहि कदाचित् एकाच गुणाविषयीं बोलत असतात. ह्याच चर्चेंतला दुसरा देव म्हणजे अल्निको, अर्थात् अॅल्युमिनियम, निकल आणि कोबाल्ट हे मुख्य घटक असलेला चुंबक. हाच चुंबक असला तर स्वर सजीव, आणि सिरॅमिक असला तर निर्जीव, असें मोठ्या गांभीर्यानें प्रतिपादन केलें जातें. परंतु ज्या हिरव्या टोपणाच्या सिलेस्टियनला हेच भक्त दुसऱ्या वाक्यांत दंडवत घालतात, त्याचा चुंबक सिरॅमिकच असतो! आमचें मत असें कीं, शंकूच्या कागदाची जाडी, वेटोळ्याचा आकार आणि चुंबकाचें बळ ह्यांचा परिणाम आधीं मोजावा, आणि धातूचें कुळ मागाहून विचारावें. आपल्याकडच्या बाजाच्या पेटींतील जर्मन सुरांविषयीं अशीच भक्ति आहे, तीहि सर्वस्वीं खोटी नाहीं. पण नांव उच्चारल्यानें पेटी वाजत नाहीं.

नांवाची गोष्ट निघालीच आहे, तर जेन्सेनची पाहा. पीटर जेन्सेन हा डॅनिश गृहस्थ अमेरिकेंत आला, आणि १९२७ त त्यानें स्वतःच्या नांवाची कंपनी काढली. तिच्या स्पीकरांवर अक्षरांची एक सुबोध लिपि असते. ‘पी-१२-आर’ ह्यांतील ‘पी’ म्हणजे अल्निकोचा कायम चुंबक, १२ हे इंच, आणि शेवटचें अक्षर चुंबकाच्या व वेटोळ्याच्या दर्जाचें. ‘आर’ दुबळा, ‘क्यू’ मध्यम, ‘एन्’ भक्कम. चौकटीवर २२० हा कारखान्याचा अंक, पुढें वर्ष आणि आठवडा. जुन्या वस्तूंचा व्यापारी हे अंक वेदमंत्रासारखे म्हणतो. परंतु आज ‘जेन्सेन’ ह्या नांवानें जे नवे स्पीकर मिळतात ते शिकागोंतून येत नाहींत. इटलींतील सिका ही कंपनी ते बनविते. ते वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु नांव तेंच म्हणून स्वर तोच, हा युक्तिवाद येथेंच संपतो. ते कानानेंच पारखून घेतले पाहिजेत, आणि इतर कारखान्यांचे स्पीकरहि त्याच कसोटीवर त्यांच्या शेजारीं बसले पाहिजेत.

प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊं. १९५५ ते १९६० च्या दरम्यानचा फेंडरचा ‘डिलक्स’, ट्वीड कापडानें मढविलेला. सहा-व्ही-सहा जातीचे दोन व्हाल्व्ह, सुमारें पंधरा वॅटची शक्ति, आणि एकच बारा इंची पी-१२-आर. हा अॅम्प्लिफायर अर्ध्यावर नेला कीं फुटूं लागतो, आणि त्याचे खालचे स्वर सैल पडतात. जेन्सेनचा दुबळा चुंबक हा सैलपणा झांकीत नाहीं; तो त्याला लाडावून ठेवतो. त्यामुळें मोठा स्वर एकदम न उसळतां आधीं दबतो आणि मग फुलतो. ह्या जागीं एखादा धनिक जेबीएल्‌चा डी-१२०-एफ् आणून बसवितो. तो स्पीकर आपल्या जागीं थोर आहे. फेंडरच्याच मोठ्या अॅम्प्लिफायरांना तो अधिक पैसे घेऊन बसवून मिळत असे. चार इंची वेटोळें, मध्यें अॅल्युमिनियमची चकचकीत टोपी. स्वर लख्ख आणि करडा. परंतु डिलक्सची सारी कविता त्याच्या अडखळण्यांत आहे, आणि हा पाहुणा तिचें शुद्धलेखन तपासूं लागतो.

आंकड्यांचा उपयोग येथें आहे, पण मर्यादित. ओहमचा मेळ प्रथम पाहावा. आठ ओहमच्या जागीं आठच. मापकावर तो सहासातच दाखवील, त्यानें घाबरूं नये. व्हाल्व्हचा अॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय क्षणभरहि चालवूं नये, नाहीं तर ट्रान्सफॉर्मरच जळण्याची भीति. शक्तीचा हिशेब सढळ धरावा: पंधरा वॅट हें स्वच्छ स्वराचें माप असतें, ताणल्यावर तो आंकडा दुपटीकडे झुकतो. म्हणून पंचवीसतीस वॅटचा स्पीकर सुरक्षित, शंभर वॅटचा निरर्थक; त्याचा जाड शंकु एवढ्याशा धक्क्यानें जागाच होत नाहीं. आणि ज्याकडे कोणी पाहत नाहीं तो आंकडा म्हणजे संवेदनक्षमता. ती तीन डेसिबलनें वाढली कीं अॅम्प्लिफायरची शक्ति दुप्पट केल्यासारखें होतें. हल्लींच्या सिलेस्टियन ब्ल्यूचा आंकडा १०० आहे. ९५ च्या जागीं तो बसविला तर पंधरा वॅटचा गडी जवळजवळ पंचेचाळीस वॅटच्या आवाजानें बोलूं लागेल, आणि ज्या फुटण्यासाठीं तो विकत घेतला तें फुटणें शेजाऱ्यांच्या सहनशक्तीपलीकडे जाईल. हाच ब्ल्यू व्हॉक्सच्या एसी-३० मध्यें दोघांच्या जोडीनें किती शोभतो! तेथें प्रत्येकीं पंधरा वॅट म्हणजे अगदीं कांठावरचा हिशेब, पण त्या कांठावरच त्याचा किणकिणाट आहे.

ह्या डिलक्ससाठीं आमची पसंती विचाराल तर प्रथम मूळ स्पीकरची डागडुजी. तें अशक्य असेल तर त्याची चौकट व चुंबक तसेच ठेवून, शक्य तितक्या त्याच वजनाच्या कागदाचा नवा शंकु. आणि तेंहि न जमल्यास पातळ शंकूचा, लहान चुंबकाचा, पंचवीस वॅटच्या आसपासचा नवा स्पीकर, मग त्यावर नांव कोणाचेंहि असो. नव्याचा कागद आरंभीं ताठ असतो; पहिल्याच संध्याकाळीं त्याचा निवाडा करूं नये, कांहीं तास वाजवून त्याची कड सैल होऊं द्यावी. बसवितांना पेटीला नवीं भोंकें पाडूं नयेत, जुन्याच खिळांवर काम भागवावें. काढलेला जुना स्पीकर, मुका असला तरी, विकूं नये. कागदांत गुंडाळून खोक्यांत घालावा, आणि खोक्यावर तो कोणत्या पेटींतून, कोणत्या दिवशीं व कां काढला, हें शाईनें लिहून ठेवावें.