विजयाबाई, मावशी आणि आपले बडोदे

आपल्या मंडळात नामवंत बडोदेकरांची यादी निघाली की विजया मेहतांचे नाव येतेच. माहेरच्या त्या जयवंत, जन्म बडोद्याचा, १९३४ सालचा. खरे सांगायचे तर मीही एका टिपणात त्यांना ‘बडोद्याची कन्या’ म्हणून मोकळा झालो होतो. पण नुसत्या जन्मावरून कलावंत आपला होतो का? बाईंची कारकीर्द घडली मुंबईत. १९६० मध्ये ‘रंगायन’ सुरू झाली तीही तिथेच. मग आपला धागा जुळतो कुठे? माझ्या मते ‘रावसाहेब’मध्ये.

जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’ हे नाटक बाईंनी १९७७ साली रंगभूमीवर आणले. विक्रम गोखले बॅरिस्टर आणि मावशी स्वतः बाई. त्यावरूनच त्यांनी ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात अनुपम खेर रावसाहेब, तन्वी आझमी राधिका आणि मावशी पुन्हा बाईच. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

विलायतेहून आलेला, सुधारणेच्या गप्पा मारणारा माणूस ऐन वेळी कच खातो, ही गोष्ट बडोदेकराला परकी वाटू नये. सयाजीरावांच्या राज्यात १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, १९३१ मध्ये घटस्फोटाचा. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण कायदा दरबारात होतो. माजघरापर्यंत पोहोचायला त्याला फार वेळ लागतो. मावशी त्या माजघरातली. स्वतः विधवा, आणि राधिकेवर तीच वेळ आल्यावर तिच्या बाजूने उभी राहणारी. बाई तिला बिचारी करत नाहीत. तिचा घरातला वावर, तिचे बोलणे इतके रोजचे आहे की तिने काय सोसले असेल हे आपल्यालाच आठवत राहते. रावसाहेबांकडे पुस्तकी सुधारणा आहे, हिंमत मात्र मावशीकडे.

गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’तली (१९८४) दमयंती राणे याच्या अगदी उलट टोकाची, साहित्यिकांची श्रीमंत यजमानीण. पण अभिनयातली काटकसर तीच. हसू पाहुण्यांसाठी, एकटेपण स्वतःपाशी.

‘रावसाहेब’ निर्दोष आहे असे नाही. काही प्रसंगांत नाटक सुटत नाही. संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असल्यासारखे पात्र बोलते. मावशी गप्प असते तेव्हाच चित्रपट खरा चित्रपट होतो.

आज आपण शहरातल्या जुन्या वाड्यांची नोंद करतो. मालकाचे नाव, हुद्दा, दरवाज्याची नक्षी, सगळे लिहितो. त्या घरांत जन्म काढलेल्या मावश्या, आत्या, काक्या आपल्या कागदांत जवळजवळ नाहीतच. माझ्या टिपणांतही नाहीत. ज्यांना त्या आठवतात अशी माणसे अजून आहेत, तोवर विचारून घ्यायला हवे. यादीत बाईंचे नाव राहू द्या. फक्त जन्मसालाच्या पुढे ‘रावसाहेबमधली मावशी’ एवढे जरूर लिहा.